तिकीट बंद झालं, पण काम झालं का?

लॅपटॉप व्हीपीएनला (कंपनीच्या नेटवर्कशी बाहेरून सुरक्षित जोडणारी सोय) जोडला जात नाही, म्हणून कर्मचारी हेल्पडेस्ककडे तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, टाकतो. ठरलेली मुदत ४ तासांची. तिसऱ्या तासाला तंत्रज्ञ ते तिकीट 'वापरकर्त्याच्या उत्तराची प्रतीक्षा' या स्थितीत टाकतो आणि मुदतीचं घड्याळ थांबतं. लॅपटॉप सुरू व्हायला दोन दिवस लागतात, अहवालात मात्र काम मुदतीत झालेलं असतं. आयटीवाले अशा अहवालाला कलिंगड म्हणतात : वरून हिरवा, आतून लाल.

म्हणून माणसांना विचारायचं. तिकीट बंद झालं की ईमेल जातो, १ ते ५ गुण द्या. ही मोजपट्टी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ मध्ये मांडलेल्या पद्धतीवरून आली. (आडनावाचा उच्चार 'लिकर्ट', 'लायकर्ट' रूढ झाला असला तरी चूक.) ४ किंवा ५ देणारे समाधानी धरतात. निव्वळ सरासरी काढू नये : सगळ्यांनी ३ दिले काय किंवा निम्म्यांनी १ आणि निम्म्यांनी ५ दिले काय, सरासरी ३च येते.

खरी गोम उत्तरांच्या संख्येत आहे. समजा २०० जणांना विचारलं, ४० जणांनी उत्तर दिलं, त्यांतले ३२ समाधानी. अहवालात ८० टक्के झळकतात. गप्प राहिलेले १६० जण सगळे नाराज असतील तर खरा आकडा १६ टक्के, सगळे खूश असतील तर ९६. हे ४० जण चिठ्ठ्या टाकून निवडल्यासारखे आले असं उदारपणे मानलं, तरी ८० टक्क्यांच्या दोन्ही बाजूंना सुमारे १२ टक्क्यांची चूक संभवते. पुढच्या महिन्यात ८५ टक्के आले म्हणून पेढे वाटण्यात अर्थ नाही.

शिवाय ज्याने तिकीटच टाकलं नाही, त्याला कोण विचारतं? प्रिंटर अडला की शेजारच्याकडून काम करून घेणारा, किंवा कारखान्यात इतर दोघांसोबत एकाच संगणकावर पाळीपाळीने काम करणारा कामगार या मोजणीत येतच नाही. त्याच्यासाठी वर्षातून एक-दोनदा सर्व कर्मचाऱ्यांच्या यादीतून यादृच्छिक नमुना (चिठ्ठ्या टाकून निवडल्यासारखे काही जण) काढून वेगळी पाहणी करावी, आणि ईमेल नसलेल्यांना कागदावर, मराठीत विचारावं.

प्रश्न तीन-चारच ठेवावेत, एका प्रश्नात एकच गोष्ट. 'सेवा तत्पर आणि नम्र होती का?' याला, तंत्रज्ञ गोड बोलला पण चार दिवसांनी आला, तर काय उत्तर द्यायचं? त्यापेक्षा 'तुमची अडचण सुटली का?' हा साधा हो-नाही प्रश्न जास्त सांगून जातो. त्याची उत्तरं पुन्हा उघडलेल्या तिकिटांच्या संख्येशी ताडून पाहावीत. 'हो' वाढत असतील आणि पुन्हा उघडणारी तिकिटंही वाढत असतील, तर कुठेतरी पाणी मुरतंय.

पाचपेक्षा कमी उत्तरं आलेल्या विभागाचा निकाल वेगळा दाखवू नये. तिघांच्या विभागात १ गुण कोणी दिला हे साहेबांना लगेच कळतं, आणि पुढच्या वेळी तिथून तिन्ही ५ येतात.