अमेरिकेत चेकचे पैसे चुकून कापले गेले तर: सबस्टिट्यूट चेक म्हणजे काय, क्लेम कोण करू शकतं, कागद काय लागतात

ब्रँचमध्ये भांडायला जायच्या आधी हे बघा की तुमच्या हातात नक्की काय आहे. बँकेच्या ॲपमध्ये दिसणारा चेकचा फोटो वेगळा, स्टेटमेंटच्या शेवटच्या पानावर छापून येणारे छोटे छोटे फोटो वेगळे, आणि सबस्टिट्यूट चेक नावाचा कागद, म्हणजे चेकच्या फोटोवरून काढलेली, कायद्याने मूळ चेकच्या बरोबरीची प्रिंट, वेगळा. चुकून गेलेले पैसे १० बिझनेस डेमध्ये (म्हणजे बँकेच्या कामाच्या दिवसांत) परत जमा करायला लावणारा जो खास नियम आहे तो फक्त या तिसऱ्या कागदाला लागतो, आणि गंमत म्हणजे बहुतेक लोकांकडे पहिले दोनच असतात. मग काउंटरवरचा माणूस नाही म्हणतो आणि आपल्याला वाटतं बँक फसवतेय. तसं नसतं दरवेळी.

मुळात हा कागद आला कुठून ते थोडक्यात सांगतो, कारण ते कळलं की पुढचे नियम विचित्र वाटत नाहीत. पूर्वी अमेरिकेत तुम्ही लिहिलेला चेक खरोखर प्रवास करायचा, न्यू जर्सीत भरलेला कॅलिफोर्नियाचा चेक रात्रीच्या विमानाने तिकडच्या बँकेत जायचा आणि मग पैसे वळते व्हायचे. सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर विमानं जमिनीवर थांबली आणि चेकच्या थैल्या आहेत तिथेच पडून राहिल्या. कागद हलवण्यावर अख्खी सिस्टीम किती अवलंबून आहे ते तेव्हा सगळ्यांनाच दिसलं. चेक २१ नावाचा कायदा २८ ऑक्टोबर २००३ ला सही होऊन बरोबर एका वर्षाने, २८ ऑक्टोबर २००४ ला लागू झाला. त्याआधी फेडरल रिझर्व्हची, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेची, देशभर ४५ चेक सेंटर होती, २०१० पर्यंत कागदी चेकसाठी एकच उरलं.

आता यातली मेख अशी की कायद्याने कुठल्याही बँकेवर 'फोटो घ्याच' अशी सक्ती केली नाही. देशात हजारो बँका आणि क्रेडिट युनियन (सभासदांच्या सहकारी बँका), त्यातल्या छोट्यांकडे तेव्हा इमेज घ्यायची सोयच नव्हती. म्हणून मधला रस्ता काढला, की पहिल्या बँकेने चेक स्कॅन करावा, मूळ कागद तिथेच थांबवावा, फोटो पुढे पाठवावा, आणि ज्याला कागदच पाहिजे त्याच्यासाठी त्या फोटोवरून एक प्रिंट काढावी, आणि ती प्रिंट कायद्याने मूळ चेकच्या बरोबरीची समजावी. ती प्रिंट म्हणजेच सबस्टिट्यूट चेक. भारतात आपल्याकडे हे वेगळ्या पद्धतीने झालं, सीटीएस (कागदी चेकऐवजी इमेज पाठवायची पद्धत) आलं २००८ ला दिल्लीत, मुंबईत २०१३ ला, आणि तिथे सगळ्या बँकाच इमेजवर आल्या, त्यामुळे मधल्या कागदाची भानगड फारशी राहिली नाही. पुण्या-मुंबईहून इकडे आलेल्या माणसाला म्हणूनच हा प्रकार नवीन वाटतो.

ओळखायचा कसा? सोपं आहे. त्या कागदावर चेकची पुढची आणि मागची अशी दोन्ही बाजूंची इमेज असते, मूळ चेकपेक्षा जरा आकसलेली, खाली यंत्राने वाचायची एमआयसीआर लाईन असते, आणि एक ठराविक वाक्य छापलेलं असतं ज्याचा अर्थ, ही तुमच्या चेकची कायदेशीर प्रत आहे, मूळ चेक जसा वापरला असता तशीच ही वापरता येईल. ते वाक्य नसेल तर तो सबस्टिट्यूट चेक नाही, मग कितीही चांगल्या कागदावर कलर प्रिंट असू दे. आणि घरच्या प्रिंटरवर ॲपमधला फोटो छापून नेलात तर त्याला काही किंमत नाही हे सांगायला नकोच, तरी लोक नेतात.

हा कागद तुमच्याकडे येतो कधी? एक म्हणजे तुमची बँक अजून जुन्या पद्धतीने वटलेले चेक स्टेटमेंटबरोबर परत पाठवत असेल तर त्या गठ्ठ्यात, आता अशा बँका कमी झाल्या पण गावातल्या छोट्या बँकांत अजून सापडतात. दुसरं, तुम्ही एखाद्या चेकची कॉपी मागितली आणि बँकेने सबस्टिट्यूट चेकच दिला. तिसरं, आणि हे आपल्या लोकांना जास्त भेटतं, रूममेटने भाड्याच्या हिश्श्याचा दिलेला चेक तुम्ही भरला आणि तो बाऊन्स होऊन परत आला, तर परत येणारा कागद बऱ्याचदा मूळ चेक नसून सबस्टिट्यूट चेक असतो. कॉपी मागितल्यावर किंवा परत आलेल्या चेकच्या रूपात हा कागद देताना बँकेने त्याबरोबर तुमचे हक्क सांगणारी माहितीपत्रिका द्यायची असते, ती फेकू नका, क्लेम कुठल्या पत्त्यावर पाठवायचा ते त्यातच लिहिलेलं असतं.

आता पात्रता. अकाउंट वैयक्तिक पाहिजे, म्हणजे घरखर्च, भाडं, मुलांच्या फिया असलं. एलएलसीच्या (कंपनीचा एक प्रकार) नावाचं किंवा बिझनेस अकाउंट असेल तर हा क्लेम नाही, मग तुम्ही एकटेच त्या कंपनीचे मालक का असेना. नंतर चार गोष्टी तुम्हाला प्रामाणिकपणे सांगता आल्या पाहिजेत. तुमच्या अकाउंटमधून ज्या सबस्टिट्यूट चेकचे पैसे गेले तो तुम्हाला दिला गेला होता (आत्ता हातात नसला, हरवला, तरी चालतं, पण कधीतरी मिळालेला पाहिजे). ते पैसे जायला नको होते, म्हणजे एकाच चेकचे दोनदा गेले, रक्कम जास्त गेली, किंवा सही तुमची नाहीच, किंवा ती प्रत नीट उतरलेलीच नाही. त्यामुळे तुमचं खरंच नुकसान झालं. आणि चौथी गोष्ट, जिथे बहुतेक क्लेम अडकतात: खरं-खोटं ठरवायला मूळ चेक किंवा त्याची जास्त स्पष्ट कॉपी बघणं गरजेचं आहे.

ही चौथी अट जरा समजून घ्या. समजा तुम्ही म्हणताय सही खोटी आहे, प्रिंटवर अक्षर पुसट आहे, पेनाचा दाब दिसत नाही, कागदावर खाडाखोड आहे का ते कळत नाही, तर मूळ चेक पाहिजे हे म्हणणं योग्य. पण समजा तुम्ही स्टॉप पेमेंट, म्हणजे चेक पास करू नका अशी सूचना, दिलं होतं आणि तरी बँकेने चेक पास केला, तर मूळ चेक बघून काय कळणार आहे? काहीच नाही, बँकेच्या रेकॉर्डमध्येच उत्तर आहे. मग हा खास क्लेम लागत नाही. म्हणजे तुमचे पैसे बुडाले असं नाही हां, दुसऱ्या नियमाखाली मागायचे, ते खाली लिहिलंय.

वेळ ४० दिवसांची आहे, आणि हे कॅलेंडर दिवस, शनिवार-रविवार धरून. ज्या स्टेटमेंटमध्ये तो व्यवहार दिसतो ते बँकेने पाठवल्याची तारीख आणि सबस्टिट्यूट चेक दिल्याची तारीख, यातली जी नंतरची तिथून मोजायचं. ४० व्या दिवसापर्यंत तुमचा क्लेम बँकेकडे पोचलेला पाहिजे, पोस्टात टाकलेला नव्हे. तुम्ही दोन महिने भारतात होतात किंवा हॉस्पिटलमध्ये होतात तर बँकेने वाजवी मुदत वाढवून द्यायची आहे, त्यामुळे तिकीट, बोर्डिंग पास, डिस्चार्जचा कागद असलं काहीतरी जोडा. डिसेंबरात देशात जाऊन फेब्रुवारीत परत येणाऱ्यांनी तर हे लक्षात ठेवाच.

कागदपत्रं फार नाहीत. सबस्टिट्यूट चेक किंवा त्याची कॉपी, नसेल तर चेक नंबर, कोणाला दिला होता, रक्कम आणि तारीख. ज्या स्टेटमेंटमध्ये डेबिट दिसतोय ते पान, दोनदा गेला असेल तर दोन्ही डेबिटवर पेनाने गोल करून. चेकबुकचा रजिस्टर भरायची सवय असेल तर ते पान. आणि एक पत्र, ज्यात हे यायलाच पाहिजे: नुकसान काय झालं आणि ते चुकीचं का वाटतं, नुकसानीचा अंदाजे आकडा, मूळ चेक बघणं का गरजेचं आहे, आणि चेक शोधायला पुरेल इतकी माहिती. बाउन्स फी, लेट फी बसली असेल तर तीही लिहा. पत्र लांबवू नका, बँकेला तुमची कहाणी नको असते, चेक नंबर पाहिजे असतो. फोनवर सांगितलंत तर बँक लेखी मागू शकते, आणि मागितलं की १० बिझनेस डेच्या आत लेखी पोचवायचं, म्हणून मी म्हणेन पहिल्यापासूनच लेखी द्या आणि पोच घ्या, सिक्युअर मेसेज, सर्टिफाइड मेल, किंवा ब्रँचमध्ये देऊन शिक्का.

पुढे काय होतं ते असं. बँकेला तुमचं म्हणणं पटलं तर पुढच्या बिझनेस डेच्या आत पैसे परत जमा. पटलं नाही तर तसं कळवायचं आणि मूळ चेक किंवा स्पष्ट कॉपी दाखवायची आणि का चूक नाही ते सांगायचं. आणि बँक अजून तपासतच बसली असेल, तर क्लेम मिळाल्यापासून १० व्या बिझनेस डेपर्यंत तुमच्या नुकसानीइतके (चेकच्या रकमेपर्यंत) पण जास्तीत जास्त २,५०० डॉलर परत टाकायचे, अकाउंट व्याजाचं असेल तर व्याजासकट, आणि वरचे उरलेले ४५ व्या कॅलेंडर दिवसापर्यंत. नवीन अकाउंट असेल, म्हणजे पहिले ३० दिवस, किंवा अकाउंट सारखंच ओव्हरड्रॉ होत असेल (शिल्लकेपेक्षा जास्त पैसे जात असतील), किंवा बँकेला फसवणुकीचा सबळ संशय असेल तर १० दिवसांचे पैसेही ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतात. नव्याने आलेल्या स्टुडंटला पहिलाच नियम नेमका आडवा येतो. आणि हो, परत आलेले पैसे लगेच खर्च करून मोकळे होऊ नका, नंतर तपासात चेक बरोबरच होता असं निघालं तर बँक कळवून ते परत काढून घेऊ शकते.

आता ज्यांच्याकडे सबस्टिट्यूट चेक नाहीच, फक्त ॲपमधला फोटो आहे, म्हणजे तुमच्यापैकी बहुतेक सगळे. तुमचा हक्क गेलेला नाही, फक्त १० दिवसांचं घड्याळ तुमच्या बाजूने चालत नाही. राज्यांचा जो व्यापारी कायदा आहे, यूसीसी म्हणतात, त्याप्रमाणे तुम्ही मंजुरी न दिलेला चेक बँकेने तुमच्या खात्यातून कापायचाच नाही. पण स्टेटमेंट वेळेत तपासायची जबाबदारी तुमची. खोटी सही किंवा बदललेली रक्कम कळवायला बाहेरची मर्यादा साधारण एक वर्ष, पण एकच माणूस परत परत तुमचे चेक मारत असेल आणि तुम्ही ३० दिवसांत कळवलं नाही तर पुढच्या चेकचं नुकसान तुमच्या गळ्यात पडू शकतं, शिवाय बऱ्याच बँका अकाउंट उघडताना सही घेतात त्या ॲग्रीमेंटमध्ये ही मुदत अजून कमी करून ठेवतात. ते ॲग्रीमेंट कोणी वाचत नाही, निदान चेकचा भाग वाचा.

अजून एक प्रकार आहे जो चेक वाटतो पण चेक नसतो. युटिलिटी कंपनीला किंवा क्रेडिट कार्डवाल्याला पाठवलेला चेक ते कधीकधी इलेक्ट्रॉनिक डेबिटमध्ये बदलतात, एसीएच नावाच्या बँकांमधल्या इलेक्ट्रॉनिक सिस्टीमने पैसे जातात, मग स्टेटमेंटमध्ये तो चेकच्या यादीत न दिसता इलेक्ट्रॉनिक व्यवहारांत दिसतो आणि त्याचा फोटोही नसतो. तिथे चूक झाली तर चेक २१ विसरा, इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफरचे नियम लागतात, स्टेटमेंट पाठवल्यापासून ६० दिवसांत कळवायचं. या क्लेममध्ये मूळ चेक लागतो वगैरे अटच नाही, त्यामुळे तो उलट सोपा जातो.

एकच चेक दोनदा वटण्याचं आजकालचं एक नेहमीचं कारण मोबाईल डिपॉझिट आहे. माणूस फोनवर फोटो काढून चेक भरतो, कागद ड्रॉवरमध्ये राहतो, आणि महिन्याने तोच किंवा घरातलं दुसरं कोणी तो कागद घेऊन दुसऱ्या बँकेत किंवा चेक कॅशिंगच्या दुकानात जातं. कधी मुद्दाम, कधी नुसता विसरून. म्हणून मागे सही करताना 'फक्त मोबाईल डिपॉझिटसाठी' अशा अर्थाची ओळ आणि बँकेचं नाव लिहायला सांगतात, ते उगाच नाही: १ जुलै २०१८ पासूनच्या नियमाने, अशी ओळ असलेला मूळ कागद ज्या बँकेने नंतर घेतला तिला पहिल्या बँकेकडे नुकसानभरपाई मागता येत नाही. तुम्ही चेक भरणारे असाल तर पैसे पक्के जमा होईपर्यंत कागद सांभाळा, तुमच्या बँकेने जितके दिवस सांगितलेत तितके, आणि मग फाडून टाका.

मूळ चेक परत द्या म्हणून बँकेशी वाद घालू नका, तो पहिल्या बँकेतच थांबलेला असतो आणि बऱ्याचदा नष्टही केलेला असतो, तशी परवानगी आहे. पण वाचता येईल अशी कॉपी सात वर्षांपर्यंत मिळायला पाहिजे, थोडी फी घेतील. ती मागताना 'सबस्टिट्यूट चेक' असं नाव घेऊन मागा, तो द्यायलाच पाहिजे अशी सक्ती नाही पण मिळाला तर वरचा सगळा क्लेम उघडतो.

बँकेने मुदती पाळल्याच नाहीत तर सीएफपीबीच्या (ग्राहकांच्या आर्थिक तक्रारी बघणारी सरकारी संस्था) साईटवर तक्रार टाका, फुकट आहे, बँकेकडून उत्तर मागितलं जातं आणि बऱ्याचदा तेवढ्यानेच फाईल हलते. कोर्टात जायचं असेल तर चेक २१ खालच्या दाव्याला एक वर्षाची मुदत आहे.