राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा व उच्च माध्यमिक गणित-विज्ञान (मुंबई)

राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद (एनसीईआरटी, स्थापना १९६१) शालेय शिक्षणाचा जो आराखडा वेळोवेळी प्रसिद्ध करते, त्याचा अकरावी-बारावीच्या विज्ञान शाखेवरील परिणाम येथे विचारात घेतला आहे. हा आराखडा राज्यांवर आपोआप बंधनकारक नसतो. मुंबईतील बहुतेक कनिष्ठ महाविद्यालये राज्य मंडळाची असल्याने तेथे तो मंडळाच्या पाठ्यपुस्तकांतून आणि प्रवेश परीक्षांतून पोचतो.

या प्रभावाचा आरंभ कोठे मानावा, याविषयी एकमत नाही. कोठारी आयोगाने (१९६४–६६) सुचविलेल्या आणि महाराष्ट्रात सत्तरच्या दशकात रुजलेल्या १०+२+३ आकृतिबंधात काहींना तो दिसतो. काही जण १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने शिक्षण समवर्ती सूचीत (केंद्र व राज्य दोघांच्याही अखत्यारीतील विषयांच्या यादीत) आले, त्याला महत्त्व देतात. तथापि आकृतिबंधाने वर्षांची वाटणी ठरली, प्रकरणांची नव्हे. देशातील शालेय शिक्षण मंडळांच्या परिषदेने २०१० मध्ये विज्ञान व गणितासाठी समान गाभा अभ्यासक्रम मान्य केला, आणि राज्य मंडळाचा सुधारित अभ्यासक्रम अकरावीला २०१२–१३ पासून व बारावीला पुढील वर्षी लागू झाला. म्हणून आरंभ म्हणून हाच टप्पा अधिक ग्राह्य वाटतो.

समानता मात्र पूर्ण नाही. राज्याच्या बारावी गणिताची सुरुवात तर्कशास्त्राने होते व त्यात रेषायुग्माचे स्वतंत्र प्रकरण आहे. एनसीईआरटीने २०२२ मध्ये भार हलका करताना अकरावीतील गणिती तर्क व गणिती विगमन ही प्रकरणे वगळली. इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी २०१४ व २०१५ मध्ये देशपातळीवरील जेईई मेन आणि २०१६ पासून पुन्हा राज्याची सीईटी ही प्रवेश परीक्षा, अशा फेरबदलांनी विद्यार्थ्यांना मंडळाचे व एनसीईआरटीचे अशी दोन पुस्तके बरोबर बाळगावी लागली. सीईटीत अकरावीला सुमारे २० व बारावीला ८० टक्के भार असतो. अकरावीचे वर्ष क्लासमध्ये घाईने उरकले जाते, ते बहुधा याच हिशेबामुळे. खरे तर पुढच्या कलनशास्त्राचा (कॅल्क्युलसचा) पाया त्याच वर्षी घातला जातो.

२००५ च्या आराखड्यासाठी नेमलेल्या विज्ञान अध्यापन गटाचे अध्यक्ष अरविंद कुमार हे मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचे होते, आणि प्रयोग व शोधवृत्ती हा त्या गटाच्या भूमिकेचा गाभा होता. प्रयोगशाळेत याची कसोटी लागते. व्हर्नियर कॅलिपर या लांबी मोजण्याच्या उपकरणाचे लघुतम माप ०.०१ सेंमी, हे विद्यार्थ्याला पाठ असते; पण जबडे मिटवून शून्य-त्रुटी (मिटलेल्या स्थितीतही शून्य न दाखवण्याची चूक) स्वतः पाहावी आणि मग ती वजा करावी, ही सवय बहुपर्यायी प्रश्नांनी लागत नाही. मराठी माध्यमातून आलेल्या मुलामुलींची अडचण दुहेरी असते, कारण दहावीपर्यंतचे ‘त्वरण’ अकरावीत एकदम ‘ॲक्सिलरेशन’ होते आणि आशय समजत असूनही उत्तर लिहिताना हात अडतो.

२०२३ च्या आराखड्यात नववी ते बारावी हा एकच टप्पा मानला असून शाखांच्या भिंती सैल करण्याची शिफारस आहे.