आशा शिकावी लागते

बारावीच्या निकालाच्या दिवशी भाचीचा फोन आला. गणित राहिलं होतं. "मामा, आता माझं काही होत नाही," एवढंच म्हणाली. मागून कुणीतरी सांगत होतं, "अगं, पॉझिटिव्ह विचार कर!" आशा म्हणजे चांगलं होईल असं मनाशी घोकत राहणं, हा समज आपल्याकडे घरोघरी आहे. संशोधन वेगळंच सांगतं.

कॅन्सस विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ सी. आर. स्नायडर यांनी १९९१ मध्ये आशा मोजणारी १२ विधानांची प्रश्नावली मांडली. त्यातली चार नुसती भरतीची. उरलेल्या आठांपैकी चार जिद्दीबद्दल, चार वाटांबद्दल. 'मला करायचंय' हे एक आणि 'एक वाट बंद झाली तर दुसरी मला सुचते' हे दुसरं. दोन्ही असेल तरच आशा. पुढे त्यांनी कॉलेजात नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांचा सहा वर्षं माग ठेवला. प्रवेश परीक्षेतल्या गुणांचा फरक हिशेबात घेतल्यावरही, ज्यांची आशा जास्त त्यांचे गुण चांगले आणि पदवी पूर्ण करण्याचं प्रमाणही जास्त निघालं.

आता काळाचा भाग. झिंबार्डो आणि बॉइड या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये माणूस काळाकडे कसा बघतो याचे पाच कल सांगितले: भूतकाळ गोड वाटणं, भूतकाळ बोचत राहणं, आजची मजा, भविष्याचा विचार आणि 'नशिबात असेल ते होईल' असा दैववादी वर्तमान. भविष्याकडे बघणाऱ्या मुलांमध्ये सहसा आशा जास्त आढळते, दैववादी कल असलेल्यांत कमी. म्हणूनच नापास झालेल्या मुलाला साडेसाती चालू आहे म्हणून सांगणाऱ्यांचा मला राग येतो. त्या मुलाच्या हातातली उरलीसुरली वाटही ते काढून घेतात.

पण मला सगळ्यात मोह पडतो तो मेंदूतल्या घडामोडीचा. १९६७ मध्ये सेलिगमन आणि मायर या मानसशास्त्रज्ञांनी कुत्र्यांना विजेचे झटके दिले. एका गटाला डोक्याने पट्टी दाबून झटका थांबवता येई, दुसऱ्याला तितकेच झटके बसत पण थांबवणं हातात नसे. नंतर सहज उडी मारून सुटता येईल अशा पेटीत ठेवल्यावर दुसऱ्या गटातले बरेचसे नुसते पडून राहिले. निष्कर्ष निघाला की हतबलता शिकली जाते. सुमारे पन्नास वर्षांनी, २०१६ मध्ये, याच दोघांनी स्वतःचा सिद्धांत उलटा केला. दरम्यान मायर यांनी उंदरांच्या मेंदूवर काम केलं होतं. मेंदूच्या खोडात डॉर्सल राफे नावाचा, सेरोटोनिन हे मेंदूतलं निरोप पोचवणारं रसायन बनवणाऱ्या पेशींचा पुंजका आहे. त्रास लांबला की तो चेततो आणि प्राणी गप्प पडतो. त्यासाठी काही शिकावं लागत नाही. शिकावं लागतं ते नियंत्रण. 'माझ्या कृतीने फरक पडला' हे कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्सचा एक भाग ओळखतो आणि खालच्या त्या पुंजक्याला शांत करतो. हा भाग औषधाने बंद केला, तर झटका थांबवू शकणारा उंदीरही हतबल उंदरासारखा वागतो. आणि एकदा नियंत्रण अनुभवलेला उंदीर पुढे खरोखर काही हातात नसतानाही सहजी हार मानत नाही. उंदरावरून माणसाबद्दल थेट बोलता येत नाही हे खरं. तरी आपण गप्प पडणं ही मुळातली अवस्था, आणि आशा हे त्यावर चढवलेलं शिक्षण, हा विचार मला विलक्षण वाटतो.

मग आसपासच्या माणसांचं काम काय? कोहेन आणि विल्स या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये माणसांकडून मिळणाऱ्या आधाराबद्दलच्या अभ्यासांचा आढावा घेतला. अडचणीच्या वेळी हवी तशी मदत मिळेल असा भरवसा असला, की ताणाचा घाव हलका बसतो. 'हवी तशी' हे महत्त्वाचं. भाचीला धीर देणारे भरपूर होते, वाट दाखवणारं कुणी नव्हतं. शेवटी शेजारची इंजिनिअरिंगला असलेली ताई आली. पुरवणी परीक्षेचा फॉर्म कधी भरायचा ते तिने बघितलं, जुन्या प्रश्नपत्रिका काढल्या आणि म्हणाली, "आज फक्त मॅट्रिसेस."

रात्री दहाला मला वहीच्या पानाचा फोटो आला. तीन गणितं सुटली होती. चौथ्याखाली मोठं प्रश्नचिन्ह होतं, आणि त्याच्या बाजूला लिहिलं होतं, 'उद्या ताईला विचारणे'.