मत्स्यालयातील नव्या माशांचा मृत्यू

मत्स्यालयात नव्याने सोडलेले मासे काही तासांत, काही दिवसांत किंवा दोन-तीन आठवड्यांत, वरवर पाहता कारण दिसत नसताना दगावणे. गोड्या आणि खाऱ्या पाण्याच्या दोन्ही टाक्यांत हे घडते. हौशी माणूस चक्रावतो तो एका गोष्टीने : पाणी काचेसारखे नितळ असते, जुने मासे मजेत पोहत असतात आणि नवे तेवढे मरतात. ‘मासेच खराब निघाले’ असे मग म्हटले जाते. कधीकधी ते खरेही असते. पण अमोनिया, नायट्राइट, क्लोरीन यांपैकी काहीच डोळ्यांना दिसत नाही. आणि जुने मासे तगले यावरून ते त्या पाण्याला सरावले आहेत एवढेच कळते.

कारण शोधताना मासा कसा मेला यापेक्षा केव्हा मेला हे आधी विचारावे. पहिल्या दिवसातला मृत्यू बहुधा पाण्यातील फरकाकडे बोट दाखवतो, आठवड्याभरातला अमोनिया-नायट्राइटकडे किंवा प्रवासाच्या ताणाकडे, आणि त्यानंतरचा रोगाकडे किंवा उपासमारीकडे. ही विभागणी ढोबळ आहे, तरी तपासाला दिशा देते.

नवी टाकी : प्रथिनांच्या पचनातून माशाच्या शरीरात अमोनिया तयार होतो आणि त्याचा मोठा भाग लघवीवाटे नव्हे, तर कल्ल्यांतून थेट पाण्यात जातो. उरलेले खाद्य आणि विष्ठा कुजून त्यात भर पडते. नदी-तळ्यात तो विरून जातो, टाकीत साचतो. जुन्या टाकीत काही सूक्ष्मजीव अमोनियाचे नायट्राइट करतात आणि दुसरे त्या नायट्राइटचे बरेच कमी विषारी नायट्रेट करतात. असे जिवाणू रशियन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राड्स्की यांनी १८९०च्या सुमारास प्रथम वेगळे काढून दाखवले. दोन्ही पायऱ्या एकटाच पार पाडणारा नायट्रोस्पायरा जिवाणू मात्र २०१५ साली उजेडात आला.

या जिवाणूंची वस्ती मुख्यतः पाण्यात नसते. फिल्टरचा स्पंज, वाळू, दगड यांवरच्या बुळबुळीत थरात असते. ती पुरेशी वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. हौशी मंडळी याला ‘टँक सायकल करणे’ म्हणतात. यात एक गैरसमज फार पसरलेला आहे : आठवडाभर रिकामी टाकी, फिल्टर चालू ठेवून, नुसती फिरवली की ती तयार झाली. जिवाणूंना खायला अमोनिया लागतो. तो नसेल तर महिनाभर फिरवलेली टाकीही नवीच असते. मुरलेल्या टाकीतले जुने पाणी आणून ओतण्यानेही फारसे साधत नाही. तिथला मळका स्पंज आणून बसवला तर बरेच साधते. याउलट स्पंज नळाखाली खसाखसा धुणे म्हणजे चालू टाकी पुन्हा नवी करणे. जिवाणूंची संख्या असलेल्या माशांपुरतीच असते, त्यामुळे जुन्या टाकीतही एकदम दहा मासे सोडले तर काही दिवस अमोनिया वर जातो.

अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो. मुक्त अमोनिया कल्ल्यांतून सहज आत शिरतो आणि मारक ठरतो. अमोनियम आयन त्या मानाने निरुपद्रवी असतो. पाण्याचा सामू (पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल वा अल्कधर्मी आहे याचे माप) वाढला की मुक्त अमोनियाचे प्रमाण झपाट्याने वाढते. २५° से. तापमानाला सामू ७ असेल तर एकूण अमोनियाच्या सुमारे अर्धा टक्काच मुक्त असतो. सामू ८ झाला की हे प्रमाण पाच टक्क्यांच्या वर, म्हणजे जवळजवळ दसपट होते.

नायट्राइटची तऱ्हा निराळी. कल्ल्यांतून रक्तात शिरून ते हीमोग्लोबिनचे मेटहीमोग्लोबिन करते, ज्याला ऑक्सिजन वाहून नेता येत नाही. मासा पाण्याच्या वरच्या थरात येऊन धापा टाकतो. एअर पंप जोरात चालू असतो आणि तरीही तो गुदमरत असतो. अशा नुकत्याच मेलेल्या माशाच्या कल्ल्याचे झाकण उचलून पाहिले, तर ताज्या लाल रंगाऐवजी चॉकलेटी तपकिरी रंग दिसतो. नायट्राइट आणि क्लोराइड कल्ल्यांतील एकाच वाटेने आत येतात. म्हणून पाण्यात थोडे मीठ असले, तर क्लोराइड ती वाट अडवून नायट्राइटला बाहेर ठेवते.

पिशवीतले पाणी : तोंड बांधलेल्या पिशवीत मासा श्वसन करत राहतो, कार्बन डायऑक्साइड साचतो आणि सामू उतरतो. त्याच वेळी अमोनियाही साचत असतो, पण उतरलेल्या सामूमुळे तो बहुतांशी निरुपद्रवी रूपात राहतो. पिशवी उघडताच कार्बन डायऑक्साइड उडून जातो, सामू चढतो आणि साठलेला अमोनिया विषारी होऊ लागतो. मासा अजून त्याच पाण्यात असतो. त्यामुळे एका दिवसाहून जास्त प्रवास करून आलेल्या माशांच्या बाबतीत, पिशवी उघडून तासभर थेंबथेंब टाकीचे पाणी मिसळत बसण्याची काळजीपूर्वक वाटणारी रीत उलटी पडू शकते. अशा वेळी बंद पिशवी तरंगत ठेवून तापमान जुळवावे, मग उघडून मासे जाळीने चटकन टाकीत सोडावेत आणि पिशवीतले पाणी फेकून द्यावे. तासाभराच्या प्रवासातून आलेल्या माशांना हा धोका जवळजवळ नसतो; त्यांना थोडे थोडे पाणी मिसळत सरावणे योग्यच. पिशवी पंधरा मिनिटे तरंगत ठेवल्याने फक्त तापमान जुळते, क्षार जुळत नाहीत.

क्षारांचा मुद्दा दुर्लक्षित राहतो. गोड्या पाण्यातील माशाच्या शरीरात बाहेरच्यापेक्षा क्षार जास्त असल्यामुळे पाणी सतत आत झिरपत असते आणि मूत्रपिंडे ते अखंड बाहेर टाकत असतात. जास्त क्षारांच्या पाण्यातला मासा एकदम अतिशय मृदू पाण्यात पडला, तर हा समतोल ढळतो. मासा लगेच मरत नाही. एक-दोन दिवस कोपऱ्यात पर मिटून राहतो आणि मग जातो. तोवर सोडतानाची घाई मालकाच्या डोक्यातून गेलेली असते.

जुनी टाकी : जुने मासे जगतात आणि नवेच मरतात, याचे सर्वांत चांगले उत्तर इथे मिळते. जिवाणू अमोनियाचे ऑक्सिडीकरण करताना पाण्यातील कार्बोनेटे वापरतात. बराच काळ पाणी बदलले नाही तर ती संपत येतात, सामू हळूहळू सहाच्या खाली जातो, नायट्रेट साचत राहते. उतार महिनोन्‌महिन्यांचा असल्याने जुने मासे त्याच्याबरोबर उतरत आलेले असतात. नव्या माशाला तो एका क्षणात उतरावा लागतो. अशा टाकीत जिवाणूंचे कामही मंदावते आणि अमोनियम साठते. नवा मासा मेला म्हणून घाबरून अर्धी टाकी ताज्या, अल्कधर्मी पाण्याने भरली, की सामू चढून हेच अमोनियम मुक्त अमोनिया होते आणि मग जुनेही मरतात. थोडे थोडे पाणी, काही दिवसांच्या अंतराने बदलणे हाच इथला उपाय.

नळाच्या पाण्यातील क्लोरीन कल्ले भाजून काढतो. उघड्यावर ठेवलेल्या पाण्यातून तो उडून जातो, क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनिया यांचे संयुग) मात्र सहजी जात नाही. सोडियम थायोसल्फेटने दोन्हींतील क्लोरीन निष्प्रभ होतो, पण क्लोरामाइनमधला अमोनिया मागे उरतो.

रोग : पकडणे, पिशवी, अंधार, हेलकावे, अनोळखी टाकी, तिथल्या जुन्या माशांची दादागिरी या सगळ्यांत माशाच्या रक्तात कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक वाढते आणि प्रतिकारशक्ती घटते. एरवी अंगावर निमूट राहिलेले रोगजंतू मग डोके वर काढतात. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग करणारा इक्थिओफ्थिरियस हा परजीवी कातडीखाली वाढतो, गळून तळाशी जातो आणि तिथे विभागून शेकडो पिले सोडतो. २५° से.च्या आसपास हे चक्र साधारण आठवड्याभरात पुरे होते. औषध लागू पडते ते पाण्यात मोकळे पोहणाऱ्या पिलांवर, अंगावरच्या ठिपक्यांवर नव्हे. म्हणून ठिपके गेले की औषध थांबवणाऱ्याच्या टाकीत रोग परत येतो. फ्लॅव्होबॅक्टेरियम कॉलम्नेअर या जिवाणूमुळे तोंडाशी कापसासारखा पुंजका दिसतो आणि तीव्र स्वरूपात एक-दोन दिवसांत मासा मरतो. नवे मासे दोन ते चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवण्याची खबरदारी यासाठीच असते. साधा स्पंज फिल्टर आणि लपायला एखादी नळी असलेली छोटी टाकीही त्याला पुरते.

समुद्री माशांत आणखी एक कारण संभवते. प्रवाळांत दडलेले मासे गुंगवून पकडण्यासाठी सोडियम सायनाइड फवारण्याची पद्धत १९६०च्या दशकापासून फिलिपिन्समध्ये वापरात आली. असा मासा खातो, पोहतो, निरोगी दिसतो आणि कधीकधी आठवड्यांनी मरतो.

ओटोसिंक्लससारखे शेवाळ खाणारे छोटे मासे पकडल्यापासून विकले जाईपर्यंत उपाशीच राहिलेले असतात. लखलखीत नव्या टाकीत त्यांना चरायला काहीच नसते. आणि काही वेळा दोष कोणाचाच नसतो. नोथोब्रँकियस हे आफ्रिकेतील मासे पावसाळी डबक्यांत जन्मतात आणि डबके आटण्याआधी अंडी घालून संपतात. त्यांचे आयुष्यच काही महिन्यांचे. पूर्ण रंगात आलेला नर घरी आणला जातो, तेव्हा त्यातले बरेचसे उलटून गेलेले असते.