महालक्ष्मी सेंट्रल पार्क, मुंबई

मुंबईतील महालक्ष्मी रेसकोर्सची १२० एकर जमीन आणि किनारी रस्त्यालगत भराव घालून तयार झालेली सुमारे १७५ एकर मोकळी जागा एकत्र जोडून करावयाच्या सार्वजनिक उद्यानाचा प्रकल्प. दोन्ही मिळून क्षेत्र तीनशे एकरांच्या घरात जाते. अंमलबजावणी बृहन्मुंबई महानगरपालिकेकडे आहे. नाव न्यूयॉर्कचे, अडचणी मात्र अस्सल मुंबईच्या: जमीन एकाची, भाडेपट्टा दुसऱ्याचा, नियोजनाचे अधिकार तिसऱ्याचे आणि पावसाचे पाणी सगळ्यांचे.

जमिनीची पूर्वपीठिका. मुंबई बेट आणि वरळी यांच्यामध्ये पूर्वी खाडीचे तोंड होते व भरतीचे पाणी त्यातून थेट आत शिरे. अठराव्या शतकात, १७८४ च्या सुमारास, हॉर्नबी वेलार्ड हा बांध पुरा झाला आणि आतली जमीन हळूहळू कोरडी पडली. पूर्ण उंच मात्र ती कधीच झाली नाही. भायखळ्याच्या शर्यती महालक्ष्मीला हलल्या आणि १८८३ मध्ये येथे रेसकोर्स सुरू झाले, तेही याच दलदलीच्या पट्ट्यात. आजही महालक्ष्मी, वरळी नाका, हाजी अली हा भाग पावसाळ्यात महापालिकेला जागरण घडवतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्यानंतर पर्जन्य जलवाहिन्यांच्या रखडलेल्या कामांना वेग आला आणि हाजी अली व लव्हग्रोव्ह येथे उदंचन केंद्रे (पंपिंग स्टेशन) उभी राहिली. मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की पाणी आपोआप समुद्रात जात नाही, पंपाने फेकावे लागते. म्हणून रेसकोर्सच्या मोकळ्या मातीखाली काय बांधायचे, हा प्रश्न पाणी कुठे मुरणार याच्याशी जोडलेला आहे. बागेची चर्चा होताना तो बहुधा शेवटी निघतो.

भाडेपट्टा आणि वाटणी. रेसकोर्सची जागा सुमारे २११ एकर. ढोबळमानाने दोन तृतीयांश राज्य शासनाची, उरलेली महापालिकेची. रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबकडे ती १९१४ पासून भाडेपट्ट्याने होती. हा पट्टा ३१ मे २०१३ रोजी संपला. त्याच सुमारास महापालिकेत तेथे ‘थीम पार्क’ करण्याचा प्रस्ताव पुढे आला आणि राजकीय रस्सीखेचीत अडकला. क्लब ताब्यात राहिला, शर्यती चालू राहिल्या, पट्टा मात्र नूतनीकरणाच्या प्रतीक्षेत होता. अखेर जानेवारी २०२४ मध्ये क्लबच्या सभासदांनी बहुमताने वाटणीला होकार दिला. पाठोपाठ राज्य शासनाने निर्णय घेतला: ९१ एकर क्लबकडे, २०५३ पर्यंत, १२० एकर महापालिकेकडे, उद्यानासाठी.

या काळात महापालिकेत निवडून आलेले सभागृह नव्हते. नगरसेवकांची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली होती व कारभार प्रशासकाकडे होता. जमिनींचे आणि आरक्षणांचे विषय एरवी सुधार समितीत येतात. तिथे भांडणे होतात, सौदेही होतात, पण निदान विषय पटलावर येतो. शहरातील एवढ्या मोठ्या मोकळ्या जागेचा निर्णय त्या टप्प्याशिवाय झाला, ही या प्रकल्पाची सर्वांत कमकुवत बाजू म्हटली पाहिजे. विरोध करणाऱ्या नागरिक संघटनांचा आणि क्लबच्या काही सभासदांचा आक्षेप बागेला नव्हता. आज बाग म्हणून घेतलेल्या जमिनीवर उद्या क्लबहाउस, वाहनतळ आणि ‘सुविधा’ येतील, ही त्यांची भीती होती. शहराचा पूर्वानुभव पाहता ती अनाठायी नव्हती.

रेसकोर्स तोवर बंदिस्त होते असेही नाही. सकाळ-संध्याकाळ धावपट्टीलगत फिरायला येणाऱ्यांची ही जुनी जागा आहे. पहाटे घोड्यांचा सराव चालू असताना कठड्यापलीकडून वरळी, ताडदेव, सात रस्त्याची माणसे फेऱ्या मारतात. कोणी तिकीट विचारत नाही. कायद्याच्या भाषेत हा हक्क नाही, फार तर वहिवाट आहे. पण मुंबईत मोकळी जागा मोकळी राहण्यात वहिवाटीचा वाटा कागदापेक्षा मोठा आहे. दादरचे शिवाजी पार्क महापालिकेने १९२५ मध्ये लोकांसाठी खुले केले. क्रिकेटच्या खेळपट्ट्या, दसरा मेळावा, ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येणारा जनसागर, कट्ट्यावरचे निवृत्त लोक, इतक्या जणांचा त्यावर रोजचा दावा आहे की तिथे एक वीट ठेवायची तरी दहा जण विचारायला येतात. आझाद मैदानाचे तेच: एका बाजूला मोर्चे, दुसऱ्या बाजूला खेळपट्ट्या. ज्या बागेवर कोणाचाच रोजचा दावा नसतो ती फायलीत लवकर हरवते.

नकाशावरची बाग. मुंबईत उद्यान आधी विकास आराखड्यात ‘आरक्षण’ म्हणून जन्म घेते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ खाली आराखडा तयार होतो, सूचना-हरकती मागवल्या जातात, शासन मंजुरी देते. शहराचा पहिला आराखडा १९६७ मध्ये मंजूर झाला, दुसरा १९९१ पासून टप्प्याटप्प्याने आणि तिसरा, म्हणजे ‘विकास आराखडा २०३४’, २०१८ मध्ये. त्याचा २०१५ चा मसुदा इतका चुकांनी भरलेला निघाला की तो मागे घेऊन नव्याने करावा लागला. माणशी मोकळ्या जागेचे प्रमाण सव्वा चौरस मीटरच्या आसपास सांगितले जाते. केंद्राच्या नगरनियोजन मार्गदर्शक तत्त्वांत ते दहा ते बारा चौरस मीटर आहे.

आरक्षण पडले म्हणजे बाग झाली असे मुळीच नाही. आराखडा लागू होऊन दहा वर्षे उलटली आणि जमीन संपादन झाली नाही, तर मालक कलम १२७ खाली नोटीस देऊ शकतो. ठरलेल्या मुदतीत पालिकेने हालचाल केली नाही की आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते, आणि नोटीस नेमकी कोणत्या टेबलावर पडून राहिली याची चर्चा मग वर्षभर चालते. आरक्षित भूखंडावर झोपडपट्टी असेल तर तिसरीच वाट: पुनर्वसन योजनेत जागेचा ३५ टक्के भाग मोकळा ठेवून उरलेल्यावर बांधकाम करता येते. या तरतुदीला ‘नगर’ या संस्थेने दिलेले आव्हान दोन दशकांहून अधिक काळ चालले. २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तरतूद कायम ठेवली, पण मोकळा भाग खरोखर मोकळा व सर्वांना खुला राहावा यासाठी निर्देश दिले. झोपडीत राहणाऱ्याला घर आणि त्याच वस्तीतील मुलांना मैदान, या दोन्ही रास्त गरजा एकाच भूखंडावर भांडायला लावणे हा नियोजनाचा पराभव आहे, मग निकाल कोणत्याही बाजूने लागो.

गिरण्यांचा धडा. सेंट्रल पार्कची गरज का पडली हे समजण्यासाठी रेसकोर्सच्या पलीकडे, लोअर परळकडे पाहावे लागते. गिरणगावात पन्नासहून अधिक गिरण्या आणि सुमारे ६०० एकर जमीन होती. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने जमिनीची तिहेरी वाटणी ठरवली: एक भाग मोकळ्या जागेसाठी शहराला, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या समितीने १९९६ मध्ये राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांचा एकत्रित आराखडाही मांडला. तुकडे सलग जोडले असते तर मध्य मुंबईला सलग बागा आणि चौक मिळाले असते. २००१ मध्ये नियमात बदल झाला आणि वाटणी संपूर्ण जमिनीची न राहता फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या भागाची झाली. गिरण्यांत शेडच शेड, मोकळी जागा थोडीच. शहराच्या वाट्याला मूठभर आले. २००५ मध्ये उच्च न्यायालयाने लोकांच्या बाजूने निकाल दिला, मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. ‘मोकळी’ या एका शब्दाच्या अर्थावर शेकडो एकरांचा हिशेब बदलला. पुढे तेथे मॉल आणि मनोरे उभे राहिले, लाखो माणसे कामाला येऊ लागली. या गर्दीला सावलीत बसायला जागा नाही हे उशिरा लक्षात आले आणि नजर उरलेल्या एकमेव मोठ्या तुकड्याकडे, म्हणजे रेसकोर्सकडे वळली.

भरावाचा भाग. मरीन ड्राइव्ह ते वरळी हा १०.५८ किलोमीटरचा किनारी रस्ता मार्च २०२४ पासून टप्प्याटप्प्याने खुला झाला. त्याच्या भरावाची परवानगी उच्च न्यायालयाने जुलै २०१९ मध्ये रद्द केली होती. डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या स्थगितीनंतर काम पुन्हा सुरू झाले. भरावावर निवासी किंवा व्यापारी बांधकाम करता येणार नाही, ही अट त्याच न्यायालयाने नंतर स्पष्ट केली, आणि सध्या या जागेचे खरे कुंपण तेच आहे. समुद्रालगतच्या विहारपथाचा बराच भाग ऑगस्ट २०२५ मध्ये लोकांसाठी उघडला. संध्याकाळी तो भरतो, दुपारी मात्र तिथे उभे राहवत नाही. दगडमातीच्या भरावावर, खाऱ्या वाऱ्यात, प्रत्येक रोप तग धरत नाही. उंडी, करंज, भेंड, नारळ ही कोकण किनाऱ्याला सरावलेली झाडे येथे चालतात, सावली धरायला मात्र वर्षे घेतात. उद्घाटनाआधी घाईने लावलेली शोभेची झुडपे पहिल्या पावसाळ्याला जेमतेम पुरतात.

रेसकोर्स आणि भराव यांच्यामध्ये लाला लजपतराय मार्ग आणि हाजी अलीचे गुंतागुंतीचे रस्ते आहेत. दोन्ही भाग भुयारी मार्गाने जोडण्याची कल्पना आहे. ही जोडणी झाली तर तीनशे एकर हा आकडा खरा, नाही तर त्या दोन वेगळ्या बागा.

समन्वय. प्रकल्पाच्या एक-दोन किलोमीटरच्या परिघात जेवढी कामे चालली आहेत तेवढ्याच यंत्रणा आहेत. किनारी रस्ता महापालिकेचा. मेट्रो ३ मुंबई मेट्रो रेल कॉर्पोरेशनची. वरळी-शिवडी जोडरस्ता मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा (एमएमआरडीए). वरळीच्या बीडीडी चाळींचा पुनर्विकास म्हाडाकडे. आसपासच्या झोपडपट्ट्या झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाकडे. महालक्ष्मी स्थानकाजवळ रेल्वेवरचा केबल-स्टेड पूल पालिकेने हाती घेतला, पण रुळांवरच्या भागाला रेल्वेची परवानगी लागतेच. याशिवाय वारसा समिती, वृक्ष प्राधिकरण, किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरण. महापालिकेच्या आतही उद्यान खाते, पर्जन्य जलवाहिन्या खाते, पूल खाते, विकास आराखडा खाते आणि विभाग कार्यालय यांच्या फायली वेगवेगळ्या चालतात. एकाने केलेला नवा पदपथ दुसरा सहा महिन्यांत चर खणण्यासाठी फोडतो, हा अनुभव मुंबईकराला नवा नाही.

समन्वय साधला की काय होते याचे एक चांगले उदाहरण परळ-दादर भागात आहे. हिंदमाता चौक बशीसारखा खोलगट. दर पावसाळ्यात तिथे कमरेइतके पाणी. उपाय म्हणून दादरच्या प्रमोद महाजन कलापार्काखाली आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली मोठ्या टाक्या बांधण्यात आल्या. चौकातले पाणी पंपाने तिथे नेऊन साठवायचे आणि ओहोटी लागली की सोडायचे. काम चालू असताना मुलांचे खेळ बंद पडले आणि ओरडही झाली. मुसळधार पावसात पाणी अजूनही तुंबते, पण पूर्वीपेक्षा लवकर ओसरते. येथे बाग आणि गटार यांचा विचार एका टेबलावर झाला. उलट उदाहरण मलबार हिलचे. हँगिंग गार्डन जलाशयाच्या छतावर वसलेले आहे. जुना जलाशय पाडून नवा बांधायचा तर वरची झाडे तोडावी लागणार होती. रहिवासी उठले, तज्ज्ञांच्या समित्या बसल्या आणि मूळ बेत बाजूला पडला. पाण्याची गरज खरी होती, झाडांचीही. पण लोकांना विचारले गेले ते काम जवळजवळ ठरल्यावर.

वरळीचे जांबोरी मैदान या सगळ्यात वेगळे ठरते. बीडीडीच्या १२१ चाळी पाडून मनोरे उभारण्याच्या योजनेत चाळींच्या मधले हे मैदान वगळून ठेवावे लागले, कारण दहीहंडीपासून सभांपर्यंत त्या वस्तीचे सगळे सार्वजनिक आयुष्य तिथेच घडले. ऑगस्ट २०२५ मध्ये ५५६ कुटुंबांना पहिल्या मनोऱ्यांतील घरांच्या चाव्या मिळाल्या. आता चाळीतल्या खोलीऐवजी मनोऱ्याच्या वरच्या मजल्यांवर राहणाऱ्या मुलांना मैदानात उतरायला लिफ्ट आणि सोसायटीचे फाटक ओलांडावे लागते.

देखभाल आणि प्रवेश. बाग बांधायला निधी मिळतो, झाडलोट करायला मिळत नाही. मोकळ्या जागा खासगी संस्थांना सांभाळायला देण्याचे ‘दत्तक’ धोरण महापालिकेने अनेकदा आणले आणि विरोधामुळे अनेकदा थांबवले; काही जुन्या मैदानांवर सभासदत्वाचे क्लब उभे राहिल्याची आठवण त्यामागे आहे. सेंट्रल पार्कबाबत हा मुद्दा अधिक नाजूक आहे, कारण शेजारीच ९१ एकरांवर क्लब राहणार आहे आणि दोन्ही बाजूंना एकच प्रवेशरस्ता सोयीचा वाटू शकतो. पश्चिम रेल्वेचे महालक्ष्मी स्थानक डॉ. ई. मोझेस मार्गावर, रेसकोर्सच्या समोरच आहे. मेट्रो ३ ची महालक्ष्मी आणि सायन्स सेंटर ही स्थानकेही चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. धोबी घाट, सात रस्ता (म्हणजेच जेकब सर्कल) या दाट वस्त्या रुळांच्या पूर्वेला आहेत. तिथून येणाऱ्याला पूल चढून, वाहनांच्या रांगेतून वाट काढत यावे लागते. भुयारी वाहनतळ किती गाड्यांचा असावा यावर बरीच चर्चा झाली. त्या पूर्वेच्या बाजूला पायी येणाऱ्यांसाठी फाटक किती रुंद आणि कोणत्या वेळेत उघडे असावे, यावर त्या मानाने फारच थोडी.