क्रम्बलचा वरचा थर चिक्कीसारखा का होतो?

क्रम्बल म्हणजे फळांवर मैदा, साखर, बटरचा चुरा पसरून ओव्हनमध्ये भाजलेला गोड पदार्थ. आमच्या दुकानात त्याबद्दल हा फोन वारंवार येतो. फळं छान शिजली, घरभर दालचिनीचा वास सुटला, पण वरच्या थरात चमचाच जात नाही. मग आमच्या तयार मिश्रणात काही बिघडलंय का, अशी विचारणा होते. मिश्रण चांगलंच असतं. घरी पोचेपर्यंत किंवा ओट्यावर ठेवल्यामुळे त्यातलं बटर वितळलेलं असतं.

क्रम्बल हा मूळचा विलायती पदार्थ, थंड हवेतला. तिकडच्या पाककृतीत मैदा, साखर, बटर बोटांनी चोळा असं लिहिलेलं असतं आणि तिथे ते जमतं. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा 40 च्या वर असतो, आणि बटर 32 ते 35 अंशांनाच वितळतं. त्याला आपल्या तळहाताची ऊबसुद्धा पुरते. बटरचे बारीक खडे पिठात घोळलेले राहिले, तर ते ओव्हनमध्ये जागच्या जागी वितळतात आणि कण सुटे, रवाळ भाजले जातात. आधीच वितळलं, तर ते सगळ्या पिठात मुरतं, त्याचा गोळा होतो आणि भाजल्यावर अखंड वडी निघते.

घरी मिश्रण करणार असाल तर 200 ग्रॅम मैदा, 100 ग्रॅम बटर, 100 ग्रॅम साखर. मैदा-साखर पातेल्यासकट अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवा. गोठलेलं बटर खिसणीवर खिसून त्यात टाका, काट्याने मिसळा, हात शक्यतो लावू नका. लगेच परत फ्रीजमध्ये ठेवा आणि मग फळं चिरायला घ्या. एवढं पाळलंत तर बाकी कशाने फारसं बिघडत नाही. नेहमीचं पिवळं बटर खारट असतं, वेगळं मीठ नको. 50 ग्रॅम मैद्याऐवजी ज्वारीचं पीठ घातलंत तर थर जास्त खुसखुशीत होतो. आम्ही मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीचं घालतो आणि ते आम्हाला मनापासून आवडतं. वरून शेंगदाण्याचं जाडसर कूट भुरभुरलं तर फारच छान.

फळं साधारण पाऊण किलो. सफरचंद उत्तम. पेरूच्या बिया काढा आणि फोडी पाच मिनिटं वाफवा. चिकूला साखर जवळजवळ लागत नाही. डाळिंब आपल्या जिल्ह्याचं असलं तरी आत भाजू नका, दाणे चिवट होतात. वाढताना वरून घाला. मसाला म्हणजे चमचाभर दालचिनी, अर्धा चमचा सुंठ, दोन लवंगांची पूड, चिमूटभर जायफळ. शिवाय लिंबाचा रस, दोन चमचे साखर आणि रस आळायला चमचाभर कॉर्नफ्लोअर.

थंड मिश्रण फळांवर सैल पसरा, दाबू नका. आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये 180 अंशांवर 35 ते 40 मिनिटं. कडेने रस बुडबुडला की झालं. नुसत्या मायक्रोवेव्हवर रंग येत नाही, कन्व्हेक्शन लावा. ओव्हन नसेल तर फळं पातेल्यात शिजवा, मिश्रण कढईत मंद आचेवर परतून वर पसरा. बाहेर काढल्यावर दहा मिनिटं थांबा, रस तेवढ्यात दाटतो.

अंडं असतं का, हे बरेच जण विचारतात. नसतं, बेकिंग पावडरही नसते.

आमचं 400 ग्रॅमचं पाकीट आम्ही गोठवूनच देतो आणि थंड पिशवीशिवाय देत नाही. पिशवीचे वेगळे पैसे का, असं काहींना वाटतं. पण नवी पेठेतून जुळे सोलापूरला दुपारी स्कूटरवरून गेलेलं पाकीट आम्ही पाहिलेलं आहे. विरघळलेलं पाकीट बदलून मिळत नाही, ते याच कारणाने. तसं झालंच तर फेकू नका. तासभर फ्रीजरमध्ये कडक करा आणि मोठ्या भोकांच्या खिसणीवर खिसून वापरा, बरंचसं सावरतं. उन्हाळ्यात पाकीट न्यायला सकाळी अकराच्या आत किंवा संध्याकाळी सहानंतर या. ज्वारीचं मिश्रण हवं असेल तर आदल्या दिवशी सांगून ठेवा.