सांतियागो कारीयो

सांतियागो कारीयो (१८ जानेवारी १९१५ – १८ सप्टेंबर २०१२) हा स्पेनचा कम्युनिस्ट पुढारी, १९६० ते १९८२ स्पॅनिश कम्युनिस्ट पार्टीचा सरचिटणीस. जनरल फ्रँकोच्या हुकूमशाहीनंतर स्पेनमध्ये लोकशाही फारसा रक्तपात न होता आली, त्याचं क्रेडिट बहुतेक वेळा राजा हुआन कार्लोसला आणि पंतप्रधान सुआरेझला मिळतं, पण कारीयोने त्या वेळी जेवढं सोडून दिलं तेवढं क्वचितच कुणी सोडलं असेल, आणि त्याच्या पार्टीच्या पदरात त्यातून जवळपास काहीच पडलं नाही.

जन्म उत्तरेकडच्या अस्तुरियास भागातल्या हिहोन शहरातला. वडील वेन्सेस्लाओ कारीयो हे समाजवादी पार्टीतलं आणि कामगार युनियनमधलं मोठं नाव, त्यामुळे राजकारण घरातच होतं. कुटुंब माद्रिदला आलं आणि हा पोरगा शाळा संपल्या संपल्या पार्टीच्या 'एल सोशालिस्ता' पेपरात कामाला लागला. १९३४ मध्ये, म्हणजे विशीच्या आतच, समाजवादी युवक संघटनेचा सरचिटणीस, त्याच वर्षी डाव्यांचा ऑक्टोबरचा उठाव फसला आणि हा थेट तुरुंगात, तो १९३६ च्या फेब्रुवारीत पॉप्युलर फ्रंट ही डाव्या पक्षांची आघाडी निवडणूक जिंकल्यावरच बाहेर आला. नंतर समाजवादी आणि कम्युनिस्ट युवक संघटना एक झाल्या, त्याचं नेतृत्व याच्याकडे, आणि नोव्हेंबर १९३६ मध्ये तो उघडपणे कम्युनिस्ट पार्टीत गेला.

आणि इथेच त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात काळं प्रकरण येतं. यादवी युद्ध पेटलेलं, बंडखोर फ्रँकोचं सैन्य माद्रिदच्या वेशीवर, रिपब्लिकचं सरकार वालेन्सियाला निघून गेलेलं, आणि शहराच्या संरक्षण समितीत सार्वजनिक सुव्यवस्थेचं खातं २१ वर्षांच्या कारीयोकडे. त्या नोव्हेंबर-डिसेंबरात माद्रिदच्या तुरुंगांतले उजव्या गटाचे कैदी, त्यात लष्करी अधिकारी, पाद्री, साधे लोकही, गाड्यांत भरून पाराकुएयोसला आणि जवळपास नेऊन गोळ्या घालून मारले, दोन हजारांहून जास्त माणसं. आपल्याला माहीत नव्हतं, आपल्या हातात नव्हतं, असं कारीयो मरेपर्यंत म्हणत राहिला. पॉल प्रेस्टनसारखा रिपब्लिककडे सहानुभूतीने बघणारा इतिहासकारही त्याला यातून मोकळा सोडत नाही, आणि खरं सांगायचं तर खातं ज्याच्याकडे होतं त्यालाच काही कळलं नाही हे पटणं अवघडच आहे.

१९३९ च्या मार्चमध्ये रिपब्लिकच्याच सैन्यातल्या कर्नल कासादोने माद्रिदमध्ये कम्युनिस्टांविरुद्ध बंड केलं, वडिलांनी त्याला साथ दिली, तर मुलाने जाहीर पत्र लिहून वडिलांशी नातं तोडलं. त्या काळातला पक्का स्टालिनवादी माणूस कसा असायचा ते यावरून कळतं. पुढची साधारण ३७ वर्षं परदेशात गेली, मॉस्को, लॅटिन अमेरिका, आणि जास्त करून फ्रान्स. १९५६ मध्ये पार्टीने 'राष्ट्रीय समेट' ही लाइन घेतली, म्हणजे यादवी युद्धातल्या दोन बाजूंची दुश्मनी संपवायची. १९६० मध्ये दोलोरेस इबार्रुरी (ला पासियोनारिया) अध्यक्ष झाली आणि सरचिटणीसपद कारीयोकडे आलं. पार्टीत मात्र समेट वगैरे काही नाही, क्लाउदिन आणि सेम्प्रुन या पार्टीतल्याच नेत्यांनी वेगळं मत मांडलं तर त्यांना हाकलून दिलं, आणि गंमत म्हणजे ते दोघं जे म्हणत होते त्यातलं बरंचसं पुढे यानेच केलं. १९६८ मध्ये रशियन रणगाडे प्रागमध्ये घुसले तेव्हा त्याने उघड निषेध केला, तिथून मॉस्कोशी बिनसलं ते बिनसलंच.

फ्रँको नोव्हेंबर १९७५ मध्ये मेला. फेब्रुवारी १९७६ मध्ये कारीयो डोक्यावर विग घालून चोरून स्पेनमध्ये शिरला आणि माद्रिदमधूनच पार्टी चालवू लागला, डिसेंबरात तर सरळ गुप्त पत्रकार परिषद घेतली, सरकारची पार शोभा झाली, मग २२ तारखेला अटक आणि थोड्याच दिवसांत सुटका. २४ जानेवारी १९७७ ला आतोचा रस्त्यावरच्या कामगार वकिलांच्या ऑफिसात उजव्या अतिरेक्यांनी गोळीबार केला, पाच जण गेले. अंत्ययात्रेला प्रचंड गर्दी, पण एक दगड नाही, घोषणाबाजी नाही, पार्टीच्या स्वयंसेवकांनी सगळं शांतपणे सांभाळलं. ते बघून कम्युनिस्टांबद्दलचं बऱ्याच लोकांचं मत बदललं. महिन्याभराने पंतप्रधान सुआरेझ आणि कारीयो गुपचूप भेटले, दोघंही सिगारेटवर सिगारेट ओढणारे, कित्येक तास बोलले. ९ एप्रिल १९७७, ईस्टरच्या आदल्या शनिवारी, सगळा देश सुट्टीवर असताना पार्टी कायदेशीर झाल्याचं जाहीर केलं. निषेध म्हणून नौदलमंत्र्याने राजीनामा दिला. आठवड्याभरात कारीयोने राजेशाही आणि लाल-पिवळा झेंडा स्वीकारला, आणि ज्या तिरंगी रिपब्लिकन झेंड्यासाठी लोकांनी जन्मभर तुरुंग भोगला होता तो पार्टीच्या सभांमधून गेला, जुन्या कार्यकर्त्यांना काय वाटलं असेल विचार करा.

त्याचं फळ काय, तर जूनच्या निवडणुकीत ९.३ टक्के मतं आणि ३५० पैकी २० जागा. फेलिपे गोन्सालेसच्या समाजवाद्यांना ११८! हुकूमशाहीत जीव धोक्यात घालून काम केलं कम्युनिस्टांनी, पण लोकांना तरुण आणि युद्धाचं ओझं नसलेला चेहरा हवा होता. इटलीचा बेर्लिंग्वेर आणि फ्रान्सचा मार्शे या कम्युनिस्ट नेत्यांसोबत त्याने 'युरोकम्युनिझम' मांडला, म्हणजे निवडणुकीच्या मार्गाने आणि मॉस्कोच्या हुकमाशिवाय समाजवाद, १९७८ च्या अधिवेशनात तर लेनिनवाद हा शब्दच काढून टाकला. १९७९ ला २३ जागा आल्या, तिथून उतरण.

२३ फेब्रुवारी १९८१ ला लेफ्टनंट कर्नल तेहेरो सिव्हिल गार्ड (निमलष्करी पोलीस) घेऊन संसदेत घुसला, छताकडे गोळ्या झाडल्या, जवळपास सगळे खासदार बाकांखाली. सुआरेझ आणि कारीयो आपापल्या जागी बसून राहिले, उपपंतप्रधान जनरल गुतिएरेझ मेयादो तर उठून बंदूकवाल्यांना सामोरा गेला. बंड यशस्वी झालं असतं तर पहिल्या गोळ्यांत आपला नंबर हे कारीयोला पक्कं माहीत असणार.

१९८२ मध्ये फक्त ४ जागा, त्याने राजीनामा दिला, खेरार्दो इग्लेसियास आला, आणि १९८५ मध्ये ज्या पार्टीत आयुष्य घातलं तिने यालाच बाहेर काढलं. नवा पक्ष काढून बघितला, चालला नाही, १९९१ मध्ये तो समाजवाद्यांत विलीन झाला पण कारीयो स्वतः काही तिकडे गेला नाही. म्हातारपणी लेख, पुस्तकं, रेडिओवरच्या चर्चा आणि सिगारेट चालूच. २००५ मध्ये माद्रिदच्या ऑटोनॉमस युनिव्हर्सिटीने मानद डॉक्टरेट दिली तेव्हा उजव्या लोकांनी कार्यक्रमात 'खुनी' म्हणून गोंधळ घातला. ९७ व्या वर्षी माद्रिदमध्ये वारला, तेव्हा राजा हुआन कार्लोस स्वतः घरी भेटायला गेला. सुरुवातीला याच राजाला कारीयोने 'अल्पकाळाचा राजा' म्हणून हिणवलं होतं.